‘थायरॉइड वाढलाय’ म्हणजे नेमकं काय वाढलंय? ऑटोइम्यून थायरॉइडच्या निदानापर्यंत कसं पोचायचं

‘मला थायरॉइड आहे’ असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर थायरॉइड सगळ्यांनाच असतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनळीला बिलगून बसलेली ती एक फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे. ती असणं हा आजार नव्हे. पण या वाक्यापेक्षा जास्त गोंधळ घालणारं वाक्य म्हणजे ‘तुमचा थायरॉइड वाढलाय.’ काय वाढलंय? ग्रंथीचा आकार? रक्तातलं हार्मोन? की टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा संदेश? टीएसएच वाढला असेल तर बहुतेक वेळा ग्रंथी मंदावलेली असते. हार्मोन वाढलं असेल तर बरोबर उलटं. मला एकाच वर्षात दोन ठिकाणी ‘वाढलाय’ असं सांगितलं गेलं आणि दोन्ही वेळचे अर्थ एकमेकांच्या विरुद्ध होते. हे कळायलाच मला कितीतरी महिने गेले. स्पष्ट निदान हातात पडेपर्यंत दीड वर्ष झालं होतं.

मी डॉक्टर नाही. कोणती गोळी किती घ्यायची हे इथे सापडणार नाही. ज्या क्रमाने मी जायला हवं होतं आणि गेले नाही, तो क्रम लिहिते आहे.

१. आधी तीन प्रश्न सुटे करा

पहिला प्रश्न: ग्रंथी काम किती करते आहे, जास्त, कमी की ठीक? दुसरा: बिघाड असेल तर तो कशामुळे? तिसरा: मला जो त्रास होतोय तो यामुळेच होतोय का?

हे तिन्ही आपण एकाच श्वासात विचारतो आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लावून मोकळे होतो. टीएसएच आणि फ्री टी४ पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात, दुसऱ्याचं नाही. (टी४ आणि टी३ ही थायरॉइडची हार्मोनं; ‘फ्री’ म्हणजे त्यांचा रक्तात मोकळा असलेला भाग.) अँटीबॉडीच्या, म्हणजे प्रतिकारयंत्रणेने बनवलेल्या प्रथिनांच्या, तपासण्या दुसऱ्याबद्दल बोलतात, पहिल्याबद्दल त्यांना काही म्हणायचं नसतं. तिसऱ्यासाठी कुठलीच तपासणी नाही. पुढे वाचताना आणि डॉक्टरांसमोर बसल्यावरही, आत्ता आपण कितव्या प्रश्नावर आहोत एवढं मनाशी ठेवा.

टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाहीच. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. रक्तात थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की पिट्युटरी टीएसएच वाढवते, जास्त झालं की आखडता हात घेते. म्हणून आकडा वर गेला की ग्रंथी खाली, हे उलटं गणित.

ऑटोइम्यून म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच ग्रंथीच्या मागे लागणं. त्याची दोन मुख्य रूपं. हाशिमोटोमध्ये ग्रंथी हळूहळू झिजते आणि बहुधा मंदावते. ग्रेव्हज आजारात अँटीबॉडी ग्रंथीला सतत चेतवत राहतात आणि हार्मोन उतू जातं. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी आपले रुग्ण १८३५ साली वर्णन केले. हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनने १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या ग्रंथींबद्दल लिहिलं. पण यामागे स्वतःविरुद्धच्याच अँटीबॉडी आहेत हे उमगायला १९५६ साल उजाडावं लागलं. त्या मानाने माझं दीड वर्ष काहीच नाही, असं मी स्वतःला समजावते.

२. त्रास लिहून काढा, पण विशेषणांशिवाय

पहिल्या भेटीत मी ‘खूप थकवा येतो’ म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यांचं काही चुकलं नाही. थकवा कुणाला येत नाही? नंतर माझ्या वहीत अशा नोंदी आल्या: ‘जिन्याच्या दुसऱ्या वळणावर थांबावं लागलं, तीन महिन्यांपूर्वी लागत नव्हतं.’ ‘बाकीचे पंखा लावून बसलेत, मी अंगावर शाल घेतली आहे.’ ‘पाळी आठ दिवस, आधी पाच.’ अशा वाक्यांवर डॉक्टर थांबतात.

ग्रंथी मंद असेल तर साधारणपणे थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणं, वजन थोडं वाढणं, चेहरा सुजल्यासारखा वाटणं, आवाज घोगरा होणं, पाळी जास्त जाणं, नाडी संथ असणं, विसरभोळेपणा हे सगळं किंवा यातलं काही दिसतं. अतिसक्रिय असेल तर धडधड, हात थरथरणं, घाम, उकाडा असह्य होणं, भूक असूनही वजन उतरणं, वारंवार शौचाला जावं लागणं, झोप उडणं. दोन्ही याद्यांतलं थोडं थोडं जुळलं तर गडबडू नका. हाशिमोटोमध्येही सूज आलेल्या ग्रंथीतून साठलेलं हार्मोन एकदम बाहेर पडून काही आठवडे अतिसक्रियतेची लक्षणं येऊ शकतात.

आणखी तीन गोष्टी वहीत हव्यात. एक, सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच मोजलेली नाडी, आठवडाभर. दोन, जुने फोटो. दोन-तीन वर्षांपूर्वीचा समोरून काढलेला फोटो आणि आजचा शेजारी ठेवा. चेहऱ्यावरची सूज किंवा डोळे बाहेर आल्यासारखे दिसणं रोज आरशात पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तीन, घरातला इतिहास. ‘घरात कुणाला थायरॉइड आहे का?’ या प्रश्नाला मी बेधडक ‘नाही’ म्हणाले होते. नंतर आईशी बोलताना कळलं की मावशीचं तरुणपणी ‘गळ्याचं ऑपरेशन’ झालं होतं आणि तेव्हापासून ती रोज सकाळी एक बारीक गोळी घेते. आमच्याकडे त्याला कुणी थायरॉइड म्हणतच नव्हतं. म्हणून विचारताना शब्द बदलून विचारा: गळ्याला सूज होती का, रोजची सकाळची गोळी आहे का, अंगावर पांढरे डाग, लहान वयात सुरू झालेलं इन्सुलिन, बी१२ ची इंजेक्शनं. हे सगळे ऑटोइम्यून आजारांचे नातेवाईक असू शकतात.

वही नंतर लिहा, आधी इमर्जन्सीत जा, अशीही काही लक्षणं आहेत. खूप ताप, बेफाम धडधड आणि भ्रम एकत्र आले, माणूस गुंगीत जाऊन अंग थंड पडू लागलं, किंवा गळ्याची गाठ झपाट्याने वाढून श्वास अडू लागला, तर पुढचं काही वाचत बसू नका.

३. जे ‘औषध’ वाटत नाही तेही यादीत लिहा

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक इथली. पहिल्या रिपोर्टमध्ये टीएसएच ६.९ आला होता. म्हणजे थोडा जास्त, ग्रंथी किंचित मंद. ‘काही महिन्यांनी पुन्हा बघू’ असं सांगितलं गेलं. दरम्यान केस मुठीने जात होते, म्हणून मी केसांसाठी एक गोळी सुरू केली. पाच महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये तपासणी केली तर टीएसएच ०.०८ आणि फ्री टी४ नॉर्मलच्या वर. आता निदान झालं ग्रंथी अतिसक्रिय असल्याचं. हातात धडधड कमी करणारी गोळी आली आणि ‘ग्रेव्हज असू शकतं’ हे वाक्य. मला धडधड नव्हतीच. मी शाल घेऊनच बसले होते.

तिसऱ्या डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले, माझ्याकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘केसांसाठी, नखांसाठी काही घेता का?’’

मी म्हटलं, ‘‘औषध नाही, नुसतं व्हिटॅमिन.’’

‘‘बाटली आहे जवळ?’’

पर्समध्ये होती. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं: बायोटिन, १०,००० मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं. अनेक लॅबच्या यंत्रांत हार्मोन मोजण्याची रासायनिक पद्धत बायोटिनच्याच चिकटण्याच्या गुणावर उभी असते. रक्तात बायोटिनचा पूर आला की मोजमाप फसतं. टीएसएच खोटा कमी दिसतो, टी४ आणि टी३ खोटे जास्त दिसतात. त्यात कहर म्हणजे ग्रेव्हजची अँटीबॉडी तपासणीही काही यंत्रांवर खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. तीन तपासण्या एकमुखाने एकच खोटं सांगतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. थायरॉइड तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायचा सल्ला दिला जातो. मला आठवडाभर बंद करायला सांगितलं. मग टीएसएच आला ८.४.

मल्टिव्हिटॅमिनमध्ये, ‘केस-त्वचा-नखं’ लिहिलेल्या डब्यांत, प्रोटीन पावडरीतसुद्धा बायोटिन असू शकतं. यादी तोंडी सांगू नका. बाटल्याच सोबत न्या, नाहीतर मागच्या लेबलांचे फोटो.

यादीत आणखी हे हवंच: हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलं जाणारं अमिओडॅरोन, लिथियम, स्टिरॉइड (इंजेक्शन घेतलं असेल तरी), कॅन्सरवरची इम्युनोथेरपी, इंटरफेरॉन, गर्भनिरोधक गोळ्या, आणि अलीकडे सीटी स्कॅनसाठी शिरेतून दिलेलं आयोडीनयुक्त द्रव्य. समुद्री शेवाळाच्या, म्हणजे केल्पच्या, गोळ्या कुणी ‘थायरॉइडसाठी चांगल्या’ म्हणून दिल्या असतील तर त्याही लिहा. आयोडीनचा मारा ऑटोइम्यून थायरॉइडला सोसत नाही.

४. पहिली तपासणी: टीएसएच आणि फ्री टी४

सुरुवात इथूनच. पंचवीस तपासण्यांचं पॅकेज लागत नाही. टीएसएच बिघडलेला आला की फ्री टी४ बघतात, आणि टीएसएच कमी असेल तर फ्री टी३ सुद्धा. रिव्हर्स टी३, लाळेतून हार्मोन वगैरे तपासण्यांवर मी पैसे घालवले आहेत; निदानात त्यांनी काडीची भर घातली नाही.

नॉर्मल मर्यादा लॅबनुसार थोडी बदलते. टीएसएचची साधारण ०.४ ते ४.० च्या आसपास असते. आकड्यांची जोडी अशी वाचतात:

टीएसएच जास्त, फ्री टी४ कमी: ग्रंथी उघडपणे मंद.
टीएसएच जास्त, फ्री टी४ नॉर्मल: सबक्लिनिकल, म्हणजे ग्रंथी धापा टाकत का होईना पण काम उरकते आहे.
टीएसएच कमी, फ्री टी४ किंवा टी३ जास्त: अतिसक्रिय.
टीएसएच कमी किंवा नॉर्मल, आणि फ्री टी४ कमी: इथे दोष पिट्युटरीचा असू शकतो. नुसता टीएसएच केला असता तर हे नजरेतून निसटलं असतं. हे दुर्मीळ आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगं नाही.

आता रक्त देतानाचे बारकावे. टीएसएच दिवसभर एकसारखा नसतो. रात्री उशिरा ते पहाटे तो चढलेला असतो आणि दुपारी उतरतो. त्यामुळे एक रिपोर्ट सकाळी आठचा आणि दुसरा दुपारी तीनचा असेल तर त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. वेळ एकच ठेवा, शक्यतो सकाळची. लॅबही एकच ठेवा. नुकतंच मोठं आजारपण किंवा ऑपरेशन झालं असेल तर थोडं थांबा. त्या काळात ग्रंथी चांगली असूनही आकडे वेडेवाकडे येतात.

आणि एकक बघा! माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये फ्री टी४ होता १.१. दुसऱ्यात २९. रात्रभर झोप नाही; हार्मोन सव्वीस पट झालं म्हणून. पहिली लॅब नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजत होती, दुसरी पिकोमोल प्रति लिटरमध्ये. पहिल्या आकड्याला साधारण १२.९ ने गुणलं की दुसरा येतो. म्हणजे तो २९ खरा २.२५ च्या आसपास होता. तोही बायोटिनमुळे फुगलेला, पण सव्वीस पट नक्कीच नव्हे.

५. एका रिपोर्टवरून शिक्का बसू देऊ नका

टीएसएच थोडाच वाढलेला असेल आणि फ्री टी४ नॉर्मल असेल, तर दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. बऱ्याच जणांचा आकडा आपोआप खाली येतो. या थांबण्याचा मला तेव्हा राग यायचा, ‘हे लोक मनावर घेत नाहीत’ असं वाटायचं. आज वाटतं, एका आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू होण्यापेक्षा तीन महिने बरे.

टीएसएच १० च्या वर टिकून राहिला तर बहुतेक डॉक्टर उपचार सुरू करतात. चार ते दहाच्या मधल्या पट्ट्यात वय, लक्षणं, अँटीबॉडी, कोलेस्टेरॉल, हृदयाची स्थिती बघून ठरतं. वयाबरोबर टीएसएच थोडा वर सरकतोच. सत्तरीतल्या माणसाचा ५.५ आणि पंचविशीतल्या मुलीचा ५.५ सारखे नसतात.

थांबायचं नाही अशी एक परिस्थिती आहे: गरोदरपण, किंवा त्याची तयारी. पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉइड हार्मोनवर अवलंबून असतं. तिथे मर्यादाही वेगळ्या लागतात, आणि सुरुवातीला गरोदरपणाच्या हार्मोनमुळे टीएसएच नैसर्गिकपणे कमी दिसू शकतो. दिवस राहिलेत असं कळताच डॉक्टरांना फोन करा. पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.

६. अँटीबॉडी: काय सांगते, काय सांगत नाही

आता दुसरा प्रश्न: बिघाड कशामुळे? अँटी-टीपीओ ही हाशिमोटोसाठीची मुख्य तपासणी. तिच्या जोडीला कधी अँटी-थायरोग्लोब्युलिन करतात. हाशिमोटो असलेल्या बहुतेकांमध्ये अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह येते. टीएसएच वाढलेला आणि अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह, एवढ्यावर निदान सहसा पक्कं होतं.

पण इथेच लोक सर्वाधिक घसरतात, दोन्ही बाजूंना.

एक बाजू: अँटीबॉडी पॉझिटिव्ह, टीएसएच अगदी नॉर्मल. याचा अर्थ ग्रंथी बिघडली आहे असा नाही. धडधाकट माणसांतही काही जणांत, विशेषतः स्त्रियांत आणि वाढत्या वयात, ही अँटीबॉडी सापडते. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम इथल्या लोकांचा वीस वर्षं पाठपुरावा झाला आणि त्याचे निष्कर्ष १९९५ मध्ये छापून आले. ज्या स्त्रियांत नुसत्या अँटीबॉडी होत्या त्यांच्यात ग्रंथी उघडपणे मंदावण्याचं प्रमाण वर्षाला सुमारे २.१ टक्के होतं. टीएसएचही वाढलेला असेल तर ते ४.३ टक्के. म्हणजे नुसत्या अँटीबॉडी असतील तर शंभरातल्या दोघीजणी दर वर्षी. घाबरायचं कारण नाही, पण वर्षातून एकदा टीएसएच करायचं कारण नक्की आहे.

दुसरी बाजू: अँटीबॉडी निगेटिव्ह, म्हणून ‘ऑटोइम्यून नाही’ असं ठाम सांगितलं जातं. थोड्या रुग्णांत अँटीबॉडी रक्तात सापडत नाहीत आणि सोनोग्राफीत मात्र हाशिमोटोचं चित्र दिसतं.

आणि आकड्याच्या मागे लागू नका. माझी अँटी-टीपीओ ६४० आली तेव्हा मी दर दोन महिन्यांनी ती पुन्हा करायचा घाट घातला होता. डॉक्टरांनी सरळ विचारलं, ‘‘सहाशेची चारशे झाली तर आपण काय वेगळं करणार?’’ काहीच नाही. उपचार टीएसएचवर ठरतात. ही तपासणी एकदा पॉझिटिव्ह आली की तिचं काम झालं.

गोळी आधीच सुरू झाली असेल आणि अँटीबॉडी कधी केलीच नसेल, तर त्यासाठी गोळी बंद करू नका. गोळी चालू असतानाही ती करता येते.

७. टीएसएच कमी आला असेल तर

आधी तिसऱ्या पायरीवर परत जा, बायोटिन बघा. ते नसेल तर मुख्य प्रश्न असा: ग्रंथी जास्त हार्मोन बनवते आहे, की सुजून साठलेलं हार्मोन गळतं आहे? पहिलं ग्रेव्हज असू शकतं, दुसरं थायरॉइडायटिस. दोन्हींत आकडे सारखे दिसू शकतात, उपचार मात्र अगदी वेगळे. थायरॉइडायटिसमध्ये हार्मोन बनणं थांबवणाऱ्या गोळ्यांचा उपयोगच नसतो, कारण नवीन बनत नसून जुनं सांडत असतं.

टीआरएबी ही ग्रेव्हजची अँटीबॉडी तपासणी. ती स्पष्ट पॉझिटिव्ह असेल तर बहुतेक वेळा पुढे काही लागत नाही. शंका उरली तर किरणोत्सारी द्रव्य वापरून स्कॅन करतात: ग्रेव्हजमध्ये ग्रंथी ते भरभरून ओढते, थायरॉइडायटिसमध्ये जवळजवळ ओढतच नाही. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर स्कॅनचं नाव निघताच हे सांगा. बाळंतपणानंतर वर्षभरात ग्रंथी आधी अतिसक्रिय, मग मंद, असा झोका घेऊ शकते. या काळातली धडधड आणि नंतरची मरगळ ‘बाळंतपणात असं होतंच’ म्हणून सोडून दिली जाते. रक्त तपासून घ्या.

गळा दुखत असेल, हात लावू देत नसेल आणि आधी सर्दी-ताप होऊन गेला असेल, तर तो बहुधा वेगळाच प्रकार असतो, ऑटोइम्यून नव्हे.

ग्रेव्हज निघालं तर डोळे तपासून घ्या आणि सिगारेट ओढत असाल तर सोडा. तिने डोळ्यांचा त्रास वाढतो. एकाचे दोन दिसणं, डोळा दुखणं, रंग फिके वाटणं याला थांबणं नाही. कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल (हार्मोन बनणं थांबवणाऱ्या गोळ्या) सुरू झालं असेल आणि घसा दुखून ताप आला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन पांढऱ्या पेशींची तपासणी करायची. क्वचित होतं, पण त्यात वाट बघायची नसते.

८. सोनोग्राफी कधी

सगळ्यांना लागत नाही. गळ्याला गाठ किंवा सूज लागत असेल, दोन्ही बाजू सारख्या नसतील, किंवा अँटीबॉडी निगेटिव्ह असूनही शंका असेल तेव्हा करतात. उगाच केली तर बारीकसारीक गाठी दिसतात, ज्या असंख्य लोकांना असतात आणि ज्यांचं पुढे काही होत नाही, पण रिपोर्टमधला तो शब्द मात्र महिनोन्महिने डोक्यात घर करतो.

घरच्या घरी एवढं करता येतं: आरशासमोर मान थोडी मागे करून पाण्याचा एक घोट गिळा. गिळताना वर सरकणारा फुगवटा दिसला तर डॉक्टरांना दाखवा.

९. भेटीला जाताना काय न्यायचं

फॅमिली डॉक्टरांकडून सुरुवात करायला हरकत नाही. आकडे उलटसुलट असतील, टीएसएच कमी असेल, गरोदरपण असेल, गाठ असेल, किंवा सहा-आठ महिने होऊनही उत्तर मिळत नसेल, तर एन्डोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे, पाठवायला सांगा. संकोच करू नका. माझ्या पहिल्या डॉक्टरांना मी ते विचारायला चार महिने घाबरले आणि त्यांनी चिठ्ठी दोन मिनिटांत लिहून दिली.

फाइलमध्ये हे हवं:

सगळे जुने रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले, मर्यादा आणि एककं दिसतील असे. फोनवरचा अर्धा कापलेला स्क्रीनशॉट चालत नाही.
एका पानावर तक्ता: तारीख, वेळ, लॅब, टीएसएच, फ्री टी४, त्या वेळी चालू असलेल्या गोळ्या.
लक्षणांची वही, नाडीच्या नोंदी, फोटो.
औषधं आणि सप्लिमेंटच्या लेबलांचे फोटो.
घरातला इतिहास.
सोनोग्राफी झाली असेल तर रिपोर्टसोबत चित्रंही.

माझं काम त्या एका पानाच्या तक्त्याने केलं. तिसऱ्या डॉक्टरांना ६.९ आणि ०.०८ एका ओळीखाली एक दिसले, म्हणून तो प्रश्न त्यांना सुचला. रिपोर्ट वेगवेगळ्या पिशव्यांत असते तर कदाचित सुचला नसता.

प्रश्न तीनच न्या, पण लिहून न्या. माझे होते: हे हाशिमोटो आहे असं तुम्ही कशावरून म्हणता? यात अजून कुठली शंका बाकी आहे का? पुढची तपासणी कधी आणि कशासाठी? पहिला प्रश्न उद्धट वाटेल असं मला वाटत होतं. उलट डॉक्टरांनी कागद पुढे ओढून आकृती काढून समजावलं.

१०. तिसरा प्रश्न विसरू नका

थायरॉइड सापडला की घरचे, आपण, कधी कधी डॉक्टरही सगळं त्याच्या खात्यावर टाकतात. पण थकवा लोहाच्या कमतरतेचा असू शकतो, बी१२ चा, मधुमेहाचा, झोपेत श्वास अडकण्याचा, नैराश्याचा, पाळी जाण्याच्या वयाचा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, साखर या साध्या तपासण्या सोबतच करून घ्या. टीएसएच ५ आणि फेरिटिन तळाला, अशा वेळी दोष कुणाचा हे उघड आहे.

ऑटोइम्यून आजार एकट्याने येतातच असं नाही. सिलिअॅक आजार (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारी इजा), बी१२ शोषलं न जाणारा पर्निशस अॅनिमिया, टाइप १ मधुमेह, कोड हे जोडीला असू शकतात. सगळ्यांची तपासणी सरसकट करायची नाही, लक्षणं असतील तर. एक मात्र लक्षात राहू द्या: वजन उतरतंय, उभं राहिल्यावर चक्कर येते, त्वचा काळवंडते आहे, मीठ खावंसं वाटतं, असं असेल तर थायरॉइडची गोळी सुरू होण्याआधीच सांगा. मूत्रपिंडावरची अॅड्रिनल ग्रंथी दुबळी असताना थायरॉइडची गोळी आधी सुरू केली तर जिवावर बेतू शकतं.

११. निदान लिहून घ्या

‘थायरॉइड’ एवढं लिहिलेली चिठ्ठी घेऊन बाहेर पडू नका. पूर्ण वाक्य मागा. कारण, अवस्था आणि आधार तिन्ही त्यात हवेत.

लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड हार्मोनची गोळी, सुरू झालं तर ते उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, खाण्याच्या किंवा कॉफीच्या अर्धा ते एक तास आधी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर. हे हार्मोन शरीरात निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे डोस बदलला की नवा आकडा स्थिरावायला सहा ते आठ आठवडे जातात. दोन आठवड्यांत तपासून ‘फरकच नाही’ म्हणणं हे मीही केलं आहे.

बायोटिन बंद केल्यावर आलेला ८.४ तीन महिन्यांनी ११.२ झाला. माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर आता डॉक्टरांच्या अक्षरात असं लिहिलेलं आहे: ‘हाशिमोटो थायरॉइडायटिस. अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह. टीएसएच दोनदा वाढलेला, बायोटिन बंद असताना. फ्री टी४ खालच्या मर्यादेजवळ. गोळी सुरू.’ त्याखाली, लाल पेनाने, दोनदा अधोरेखित: ‘केसांची गोळी नको.’